औषधावर पहारा, वेदनेला मोकळे रान

नशेच्या गोळ्यांचा साठा पकडला गेल्याची बातमी वाचली की सामान्य नागरिकाला हायसे वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधवृत्तामुळे मुंबईतील एका औषध कंपनीचा निर्यातव्यवहार चव्हाट्यावर आला. टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातकुळीतील वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट या देशांत जात होत्या आणि तेथे रस्तोरस्ती नशेसाठी विकल्या जात होत्या. या मिश्रणाला जगात कोठेही वैद्यकीय मान्यता नव्हती. केंद्र आणि राज्याच्या औषध नियंत्रकांनी तातडीने तपासणी केली, कंपनीचे उत्पादन थांबवले. पाठोपाठ या मिश्रणाच्या निर्मितीची व निर्यातीची परवानगी देशभर मागे घेण्यात आली. या कारवाईबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि, याच घराण्यातील औषधांची ज्याला खरी गरज असते, तो मनुष्य अशा बातम्यांत कधीच दिसत नाही. तो बोरिवलीच्या चाळीत, घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत अंथरुणाला खिळलेला असतो. त्याचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलेला असतो आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा त्याला उपयोग होईनासा झालेला असतो. सरकारने अंमली पदार्थांविरुद्ध मूठ आवळली की या रुग्णाच्या वाट्याचे औषधही त्याच मुठीत अडकते, हा या देशाचा जुना अनुभव आहे. म्हणूनच नव्या कडक धोरणाची भाषा सुरू होत असताना त्या अनुभवाची उजळणी आवश्यक ठरते.

एका वर्षातील दोन संस्था

१९८० च्या दशकात मुंबईत 'गर्द'ने थैमान घातले होते. गर्द म्हणजे हेरॉइनची भेसळयुक्त भुकटी, अर्थात ब्राउन शुगर. अनिल अवचट यांनी या व्यसनाचे भीषण स्वरूप आपल्या लेखांतून मराठी वाचकांपुढे मांडले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याच १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, डॉ. लुईस जोझ डिसोझा यांनी 'शांती अवेदना सदन' सुरू केले. टाटा रुग्णालयातील या कर्करोग शल्यविशारदांनी उभारलेले हे सदन म्हणजे देशातील पहिले हॉस्पिस. उपचारांच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णाचे उरलेले दिवस वेदनेविना जावेत, एवढाच त्याचा हेतू. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली तीही १९८६ मध्येच.

एकाच वर्षी महाराष्ट्रात नशेच्या विळख्यातून सोडवणारी एक संस्था आणि वेदनेतून सोडवणारी दुसरी संस्था उभी राहिली. दोहोंच्या मुळाशी एकाच बोंडाचा चीक होता. अफूच्या चिकातून मॉर्फिन वेगळे करता येते आणि मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन तयार होते. समाजाने हे दोन प्रश्न वेगळे ओळखले होते. कायद्याला मात्र ते साधले नाही.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या अंमली पदार्थविषयक कायद्याने, म्हणजे बोलीभाषेतील 'एनडीपीएस'ने, अनेक गुन्ह्यांसाठी किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद केली. औषधी वापराला कायद्याची मनाई नव्हती. परंतु त्याचे नियम करण्याचे काम राज्यांकडे होते आणि प्रत्येक राज्याने आपापले जाळे विणले. मॉर्फिन बाळगणे, त्याची आयात, निर्यात, वाहतूक यांसाठी वेगवेगळे परवाने आणि तेही एकाच वेळी वैध असावे लागत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. हिशेबात एखादी गोळी कमी भरली तर तुरुंगाची टांगती तलवार. एवढी जोखीम कोणते रुग्णालय पत्करील? औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९८५ साली देशात सुमारे ७१६ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ साली हा आकडा १८ किलोवर आला. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, कर्करुग्ण वाढले, औषध मात्र आटले. विशेष म्हणजे याच काळात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतांत सरकारी देखरेखीखाली अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होत होती आणि ती परदेशी औषध कंपन्यांना विकली जात होती. भारतीय शेतातल्या अफूने परदेशातील रुग्णांची वेदना शमत होती आणि मुंबईतील रुग्ण भिंतीकडे तोंड करून कण्हत होता.

वेदना थांबते कशी

हे औषध नेमके करते काय, हे समजून घेतल्याखेरीज त्याविषयीच्या भीतीची शहानिशा होऊ शकत नाही. शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली किंवा गाठीने नस दाबली गेली की तेथून निघालेला संदेश नसांच्या वाटेने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत जातो. तेथे तो एका पेशीकडून दुसऱ्या पेशीच्या हवाली होतो आणि पुढे मेंदूपर्यंत पोहोचतो. दुखते ते मेंदूत पोहोचल्यावरच. तोवर असतो तो केवळ निरोप.

निरोपाच्या या देवाणघेवाणीच्या जागी पेशींवर काही विशिष्ट रिसेप्टर असतात. त्यांना कुलपे म्हणता येईल. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासारखी ओपिऑइड औषधे ही त्या कुलपांच्या किल्ल्या. या रिसेप्टरांचे अस्तित्व १९७३ मध्ये सिद्ध झाले आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की अफूच्या चिकासाठी मानवी मेंदूत कुलपे असावीत तरी कशाला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शोधले. शरीर स्वतःच मॉर्फिनसारखी द्रव्ये तयार करते. त्यांना एन्केफॅलिन हे नाव मिळाले. अपघातात जबर जखमी झालेल्या माणसाला कित्येकदा काही वेळ वेदना जाणवत नाही, त्यामागे या द्रव्यांचा वाटा असतो. मॉर्फिन बाहेरून येऊन शरीराच्या याच अंगभूत व्यवस्थेला हात देते.

ही किल्ली फिरली की दोन गोष्टी घडतात. निरोप देणाऱ्या पेशीत कॅल्शियमला आत घेणारी दारे मिटतात आणि पुढच्या पेशीला जागे करणारी रसायने पुरेशी बाहेर पडत नाहीत. निरोप घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाते आणि ती पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज बसतो आणि ऐकणाऱ्याचे कानही मिटतात. शिवाय मेंदूच्या मध्यभागातून मज्जारज्जूकडे येणारा, वेदनेला लगाम घालणारा प्रवाह या औषधाने बळावतो. मेंदूच्या भावनांशी निगडित भागांवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून 'दुखते आहे, पण आता ते छळत नाही' असे वर्णन अनेक रुग्ण करतात.

या औषधाला मर्यादाही आहेत. ते गाठ वितळवत नाही, सूज उतरवत नाही. नसांच्या इजेतून उठणाऱ्या, विजेच्या झटक्यासारख्या वेदनेवर ते एकट्याने पुरे पडत नाही. तेथे वेगळ्या औषधांची जोड द्यावी लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये पायऱ्या सांगितल्या. आधी पॅरासिटामॉल किंवा तत्सम साधे वेदनाशामक, मग कोडीनसारखे सौम्य ओपिऑइड, शेवटी मॉर्फिनसारखे तीव्र ओपिऑइड. आज या पायऱ्या पूर्वीइतक्या काटेकोरपणे चढल्या जात नाहीत, तीव्र वेदनेसाठी थेट मॉर्फिनही सुरू केले जाते. परंतु दोन तत्त्वे कायम आहेत. औषध शक्यतो तोंडाने द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. वेदना उसळेपर्यंत थांबून मग गोळी देणे म्हणजे पुराचे पाणी घरात शिरल्यावर बांध घालणे होय.

भीती कोठे खरी, कोठे खोटी

मॉर्फिन म्हटले की घरात तीन शंका निघतात. रुग्ण व्यसनी होईल, त्याचा श्वास थांबेल, किंवा डॉक्टरांनी आता आशा सोडली.

पहिल्या शंकेत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत आहे. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते आणि ते अचानक बंद केले तर घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास होतो. हे शारीरिक अवलंबित्व. मात्रा हळूहळू उतरवली की ते सुटते. व्यसन वेगळे. हानी दिसत असतानाही नशेसाठी त्या पदार्थाच्या मागे धावणे, त्याच्या ओढीपुढे बाकी सर्व गौण होणे, हे त्याचे लक्षण. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत असे व्यसन क्वचित आढळते. पण ते अशक्य नाही. म्हणूनच जुनी पाठदुखी, गुडघेदुखी अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यांसाठी ही औषधे सरसकट देऊ नयेत, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

दुसरी शंका निराधार नाही. श्वासाचा ठेका राखणाऱ्या मेंदूच्या भागातही हीच कुलपे असतात आणि मात्रा अतिरेकी झाली तर श्वास मंदावतो. मृत्यू ओढवतो तो याच कारणाने. एकदम मोठी मात्रा घेणे, सोबत मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेणे, मूत्रपिंडे निकामी असताना मात्रा कमी न करणे, ही धोक्याची ठिकाणे. थोड्यापासून सुरुवात करून पायरीपायरीने मात्रा वाढवली तर हा धोका फारसा उरत नाही आणि अतिरेक झालाच तर नॅलोक्सोन हे उतारा ठरणारे औषध उपलब्ध आहे. घराघरांत प्रत्यक्ष त्रास होतो तो बद्धकोष्ठतेचा. आतड्यांतही हे रिसेप्टर असल्याने त्यांची हालचाल मंदावते आणि मळमळ किंवा गुंगीप्रमाणे हा त्रास काही दिवसांत ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर रेचक लिहिलेले असावेच लागते.

तिसरी शंका सर्वांत घातक. मॉर्फिन म्हणजे अखेरची घटका, या समजुतीपायी नातलग गोळी पुढे पुढे ढकलतात. वस्तुतः वेदना आटोक्यात आली की रुग्ण झोपतो, जेवतो, उठून बसतो, माणसांशी बोलतो. काहींना रेडिएशनच्या टेबलावर स्थिर पडून राहता येते ते याच गोळीमुळे. ती देणे म्हणजे आशा सोडणे नव्हे.

कायद्याने घेतले, कायद्याने परत दिले

१९८५ ची चूक सुधारायला जवळजवळ तीस वर्षे लागली. कालिकतमध्ये १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची चळवळ सुरू केली. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्यास सुचवले. केरळने पाठोपाठ तसे केले, बहुतेक राज्ये ढिम्म राहिली. अखेर २००७ मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेला. संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. 'अत्यावश्यक अंमली औषधे' असा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आणि त्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे आला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्या वर्गात घालण्यात आली. आता चार-पाच परवान्यांची गरज नाही. प्रशिक्षित डॉक्टर आणि काटेकोर नोंदवह्या असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांनी 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ठरवले की पुरे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे आणि त्याचे मुख्यालय उपनगरातच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

महाराष्ट्र या बाबतीत अगदीच मागे नव्हता. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण स्वीकारल्यावर २०१२ मध्ये असे धोरण आखणारे महाराष्ट्र हे दुसरे राज्य. या विषयातील एम.डी.चा अभ्यासक्रमही त्याच वर्षी परळच्या टाटा रुग्णालयात सुरू झाला. असे असूनही देशाचे चित्र फारसे पालटले नाही. 'लॅन्सेट' आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार भारतात गंभीर वेदना सोसणाऱ्या दर रुग्णामागे वर्षाला ४३ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा तत्सम औषध उपलब्ध होते. म्हणजे गरजेच्या अवघे ४ टक्के. दहा मिलिग्रॅमच्या गोळीच्या हिशेबात बोलायचे, तर वर्षभरासाठी साडेचार गोळ्यादेखील नाहीत. चार-चार तासांनी गोळी लागणाऱ्या रुग्णाचा त्यात एक दिवसही निघत नाही.

उपनगरांचे दुखणे

कायदा सुधारला, मग अडते कोठे? मुंबईच्या उपनगरांकडे पाहिले की उत्तराचा मोठा भाग सापडतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक आहे. कित्येक युरोपीय देशांपेक्षा ती जास्त भरेल. परंतु कर्करुग्णाच्या वेदनेचा प्रश्न आला की उपनगरवासीयांच्या तोंडी नाव येते ते परळचे. टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्या गर्दीत बोरिवलीच्या रुग्णाचा मुलगा पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरून आणि मुलुंडच्या रुग्णाची सून मध्य रेल्वेने परळ गाठून केवळ औषधासाठी रांगेत उभी राहते. त्यासाठी एक खाडा, एक दिवसाचा पगार आणि तेवढा वेळ घरी रुग्णाजवळ दुसरे कोणी असण्याची सोय लागते. गोळ्या शुक्रवारी रात्री संपल्या तर सोमवारपर्यंतचे तास मोजत बसण्याची पाळी येते. कॅलेंडरावर तो केवळ शनिवार-रविवार असतो. चार तासांच्या अंमलाच्या औषधावर जगणाऱ्याला ते फार मोठे अंतर आहे.

बोरिवलीचे भगवती, घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे एम. टी. अगरवाल, अंधेरी-पार्ल्याच्या पट्ट्यातील कूपर या पालिका रुग्णालयांचे महत्त्व येथे कळते. गाठ शोधणे आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपी करणे यासाठी मोठी यंत्रसामग्री लागते, ते परळला होणे समजण्यासारखे आहे. मॉर्फिनची गोळी देण्यासाठी मात्र यंत्र लागत नाही. एक प्रशिक्षित डॉक्टर, एक परिचारिका, एक कुलूपबंद कपाट आणि एक नीट ठेवलेली नोंदवही एवढे पुरते. प्रशिक्षणही वर्षानुवर्षांचे नव्हे. आठवड्यातून ठरावीक दिवशी वेदनाशमनाचा बाह्यरुग्ण विभाग आणि घरी जाऊन रुग्ण पाहणारे एक पथक अशी सोय प्रत्येक उपनगरी रुग्णालयात सक्तीची केली, तर परळची वाट पुष्कळांची वाचेल.

यात अडथळा पैशाचा कमी आणि अर्थकारणाचा जास्त आहे. मॉर्फिनची गोळी अत्यंत स्वस्त. तिच्यात नफा नाही. साहजिकच तिचा पाठपुरावा करायला औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारात उभा राहत नाही. फेंटानिलची त्वचेवर लावण्याची, तीन दिवस चालणारी पट्टी कितीतरी महाग, तिला वाली भेटतो. स्वस्त औषध दुर्मीळ आणि महाग औषध उपलब्ध, हा बाजाराचा न्याय झाला. सार्वजनिक रुग्णालयाने तो उलटा फिरवायचा असतो. दुसरा अडथळा डॉक्टरांच्या पिढीचा. १९८५ नंतर शिकलेल्या असंख्य डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत तोंडाने घ्यायचे मॉर्फिन कधी पाहिलेच नाही. जे हाताळले नाही त्याची धास्ती वाटणारच.

दोन टोकांच्या मधली वाट

नियंत्रण सैल सोडले तर काय होते, हे अमेरिकेने दाखवले आहे. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीचा व्यसनाचा धोका कमी असल्याचे उत्पादक कंपनीने डॉक्टरांना भासवले आणि साध्या पाठदुखीलाही ती लिहून दिली जाऊ लागली. त्या कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. मधल्या काळात व्यसनाची साथ हेरॉइनकडे आणि तेथून बेकायदा फेंटानिलकडे वळली. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या चर्चेला सरावली आहेत. भारतात गल्लीबोळांत कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नशेसाठी विकल्या जातात, ही गोष्टही मुंबई पोलिसांना नवी नाही.

परंतु अमेरिकेचा रोग भरपूर औषधाचा होता, आपला दुष्काळाचा आहे. एकाचे पथ्य दुसऱ्याला लावून चालत नाही. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे औषध एनडीपीएसच्या कक्षेत आणले. त्याचा गैरवापर होत होता हे खरेच. पण त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्याच औषधाला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादीत घालण्याची शिफारस केली नाही. मॉर्फिन मिळत नाही अशा देशांत रुग्णाच्या हाती उरणारे ते बहुधा शेवटचे साधन आहे, ही चिंता त्या चर्चेत होती. आता टॅपेंटाडॉलच्या प्रकरणानंतर पकड आणखी आवळली जाणार असेल, तर त्याच आदेशात रुग्णासाठी वाट कोणती, हेही लिहिले गेले पाहिजे. १९८५ मध्ये ते लिहिले गेले नाही, आणि त्याची किंमत एका संपूर्ण पिढीच्या कर्करुग्णांनी मोजली.

किती साठा जप्त झाला, हा आकडा दर वर्षी जाहीर होतो. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे छापले जावेत. मुंबई उपनगर जिल्ह्यात किती रुग्णालयांना मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे आणि त्यांच्यामार्फत वर्षभरात किती मॉर्फिन प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचले? मान्यता देणारे कार्यालय एकच असल्याने हा हिशेब मांडणे अवघड नाही. पालिका रुग्णालयांच्या प्रमुखांना तो दर वर्षी द्यावा लागला, तर रिकाम्या रकान्यांचे उत्तरही द्यावे लागेल. अंमली पदार्थांच्या धोरणाचे यश चोराच्या हातून काय सुटले यावर जेवढे मोजायचे, तेवढेच ते रुग्णाच्या हाती काय पडले यावरही मोजले गेले पाहिजे.